सगळ्या घराचं घड्याळ तलावावर लावलंय

पत्राचा सारांश: कर्वेनगरच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत. सहा वर्षांची असताना पोहण्याच्या मे महिन्याच्या बॅचला घातली आणि तेव्हापासून पाण्याबाहेर यायलाच तयार नाही. जिल्ह्याला मेडल मिळालं, यंदा राज्याला निवड झालीये. पहाटे साडेचारचा अलार्म, पाच ते सात तलाव, मग शाळा, संध्याकाळी परत दीड तास. आई सहकारी बँकेत, बाबा हिंजवडीला आयटीत, सासू-सासरे सोबत, धाकटा मुलगा आठ वर्षांचा. पोहणं शिकवणारे सर म्हणतात की आठवीपासून दोन्ही वेळ पूर्ण ट्रेनिंग हवं, बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ भाड्याने राहायला या, हजेरीत सवलत देणारी शाळा बघा आणि आईने दोन-तीन वर्षं नोकरी सोडली तर उत्तम. सासूबाई म्हणतात पोरगी काळवंडली आणि घरात सणवार उरले नाहीत. गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत धाकट्याचं नाटक होतं, मीटमुळे, म्हणजे पोहण्याच्या स्पर्धेमुळे, आई-बाबा गेले नाहीत, यंदाही दोन्ही एकाच दिवशी आलंय. "तो काही म्हणत नाही, समजूतदार आहे." शेवटी त्या लिहितात, "थांबवलं तर लेकीचं वाटोळं करणारी आई, नाही थांबवलं तर बाकी सगळ्यांचं. मी काय करू?"

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मी स्वतः आठ वर्षं तलावाच्या कठड्यावर बसलेली आई आहे, त्यामुळे तुम्ही न लिहिलेलंही बरंच दिसलं मला. गॅलरीत कायम वाळत घातलेले ओले टॉवेल, गाडीच्या डिकीत सापडणारा कुबट वासाचा कॉश्च्युम, डिसेंबरात पहाटे स्कूटरवर मागे बसलेली पोर कुडकुडत आपल्या जॅकेटच्या खिशात हात घालते ते, आणि ऑफिसात अकरा वाजताच मिटणारे डोळे. हे सगळं तुम्ही सहा वर्षं केलंय. आधी ते कुणीतरी बघितलंय एवढं तुम्हाला कळावं, मग बाकीचं बोलू.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं आहेत ती मला सोडवेनात. एक म्हणजे, "जुलैमध्ये आमचं शंभर मीटर फ्रीस्टाईलचं टायमिंग दीड सेकंदाने सुधारलं." आमचं. हे मी चूक काढायला म्हणत नाहीये, मी पण अस्संच बोलायचे, "आमची फायनल तीन वाजता आहे" वगैरे. पण बघा ना, पाण्यात एकटी ती असते, आणि बाहेर आपण सगळे तिच्या अंगात शिरून पोहत असतो. दुसरं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, "परवा मीटनंतर गाडीत खूप रडली, का ते कळलं नाही, टायमिंग तर चांगलं आलं होतं." ताई, सगळ्या पत्रात तिच्याबद्दलची ही एकच गोष्ट अशी आहे जी घड्याळात मोजता येत नाही. सर काय म्हणतात ते तुम्ही लिहिलंत, सासूबाई, मिस्टर, शेजारच्या काकू, सगळ्यांचं लिहिलंत. ती काय म्हणते ते कुठेच नाही.

ती का रडली ते मला इथे बसून कळणार नाही. कदाचित नुसती दमली असेल. कदाचित मैत्रीण हरली असेल. कदाचित त्या दिवशी सगळं घर रजा टाकून आलं होतं आणि पोहताना तिच्या डोक्यात तेच होतं, असंही असेल. एवढंच सांगते की हे विचारल्याशिवाय बालेवाडीच्या घराचं डिपॉझिट भरू नका. आणि समोर बसवून, "बाळा, आपल्याला बोलायचंय" असं म्हणून नका विचारू. या वयाची मुलं डोळ्यात डोळे घालून काही सांगत नाहीत. स्कूटरवर मागे बसलेली असताना सांगतात, किंवा आपण पोळ्या लाटत असताना ओट्यापाशी रेंगाळत सांगतात. विचारा आणि मग गप्प बसा, पहिलं उत्तर "काही नाही" असंच येईल, त्याच्यानंतर थांबायचं.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही तो "थांबवू की सगळं सोडून तिच्या मागे लागू" असा मांडलाय, जणू दोनच रस्ते आहेत आणि आठवी सुरू झाली की एक कायमचा बंद होणार. ही घाई कुठून येते ते मला माहितीये. २०२४ ला पॅरिसला धिनिधी देसिंघू १४ व्या वर्षी ऑलिम्पिकला गेली, तेव्हापासून प्रत्येक तलावाच्या कठड्यावर तिचं उदाहरण दिलं जातं, की बघा, वेळ घालवू नका. ती खरंच गुणी मुलगी आहे. पण पोहण्यातच डारा टॉरेस नावाची बाई २००८ ला बीजिंगमध्ये ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदकं जिंकली, तिचं नाव कठड्यावर कुणी घेत नाही. आणि आपल्या पुण्यातलेच मुरलीकांत पेटकर बघा. सैन्यात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, त्यानंतर उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकून आले. विशीनंतर सुरू केलेलं पोहणं ते. म्हणजे सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, पोहण्यात लवकर सुरुवात केल्याचा फायदा असतोच, तंत्र लहानपणी बसतं. पण तुमच्या लेकीची सुरुवात तर कधीच झालीये, सहाव्या वर्षी. आता प्रश्न वेगाचा आहे, आणि साडेबाराव्या वर्षी थोडं सावकाश गेलं म्हणून दार बंद होत नाही.

दुसरं टोकही सांगते. कोल्हापूरचा वीरधवल खाडे. सतराही पूर्ण नव्हती तेव्हा, २००८ ला, ऑलिम्पिकला गेला. २०१० च्या एशियन गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ मिळवलं, पोहण्यात भारताला २४ वर्षांनी मिळालेलं एशियन मेडल होतं ते. पुढे तहसीलदाराची नोकरी, पोहणं जवळजवळ सुटलं, मग परत आला, आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलला चौथा. ब्राँझ कितीने गेलं, ०.०१ सेकंदाने. एवढ्या तयारीच्या माणसाचं मेडल जिथे शंभराव्या हिश्श्याने हुकतं तिथे तुमचं घर, नोकरी, धाकट्याची शाळा हे सगळं त्या आकड्याच्या भरवशावर टाकायचं का, ते जरा बघा. तिने पोहावं की नाही याबद्दल मला शंकाच नाही. पोहावं, भरपूर पोहावं, ज्या पोरीला साडेचारला उठून पाण्यात जावंसं वाटतं तिला कशाला अडवायचं.

मी आता प्रत्येक निर्णयाला एकच गोष्ट विचारते आणि तुम्हीही विचारून बघा असं सुचवीन: हे केल्यानंतर, उद्या तिला "आता मला नको" म्हणायचं असेल तर म्हणता येईल का?

आईने नोकरी सोडली. दीड वर्षाने नववीत पोरीला वाटलं की पोहणं कमी करावं. म्हणेल ती? नाही म्हणणार. समजूतदार मुली तर मुळीच म्हणत नाहीत, त्या खांदा दुखत असला तरी पोहत राहतात, कारण आईने माझ्यासाठी बँक सोडली. घर बदललं, आजी-आजोबांना कर्वेनगरातल्या कट्ट्यावरून उचलून बालेवाडीच्या अकराव्या मजल्यावर नेलं, भावाची शाळा बदलली, आणि मग तिला एखाद्या दिवशी कंटाळा आला तर तो कंटाळा ती कुठे ठेवणार? उलट दोन महिन्यांची बिनपगारी रजा, किंवा बाबांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम घेणं, किंवा फक्त शनिवार-रविवार बालेवाडीच्या ५० मीटर तलावावर जाणं, हे असं आहे की जमलं नाही तर कुणाला काही न सांगता मागे घेता येतं. आधी हे करून बघा, पूर्ण एक वर्ष, पुढच्या गणपतीपर्यंत.

सरांशी बोला, दोघांनी जाऊन बोला, एकट्या जाऊ नका. सर वाईट नाहीत, त्यांना साडेतीन तास एक चांगली स्विमर दिसते आणि ती आणखी पुढे जावी असं त्यांना वाटणारच, तेच त्यांचं काम आहे. पण उरलेले साडेवीस तास घरात आणि शाळेत जातात. त्यांना नेमकं विचारा की बालेवाडीला राहायला गेल्याने काय मिळेल जे आठवड्यातून दोनदा गेल्याने मिळणार नाही. पोहण्याशिवायचा एक पूर्ण दिवस आठवड्यात आहे का ते विचारा. बालरोगतज्ज्ञ मंडळी वाढत्या वयाच्या खेळाडूंना आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षातून दोन-तीन महिने, सलग नाही तर तुकड्यातुकड्याने, त्या खेळापासून सुट्टी सांगतात. सहा वर्षांत तुम्ही तिला सलग पंधरा दिवस कधी दिलेत आठवतंय का? आजोळी मे महिन्यात गेलीच नाही असं तुम्ही लिहिलंय म्हणून विचारते.

आणि झोप, ताई. हे मला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ नंतर ८ ते १० तास झोप लागते. साडेचारला उठायचं तर साडेसातला पडायला हवं, आणि तुमच्याकडे तर संध्याकाळच्या बॅचनंतर जेवणच साडेआठला होतंय, मग होमवर्क. म्हणजे पोर साडेसहा तासांवर चाललीये. एवढ्या झोपेवर आणखी ट्रेनिंग वाढवून टायमिंग सुधारत नाही, दुखणी वाढतात. आठवड्यातल्या दोन सकाळी रद्द करा, सरळ. सर नाराज झाले तर होऊ देत.

तिच्या वयाचं अजून एक आहे आणि ते तुम्ही लिहिलं नाहीत, बहुतेक संकोचाने. पाळी सुरू झाली असेल किंवा होईल. या दिवसांत मुलींची अंगकाठी बदलते आणि बऱ्याच जणींचं टायमिंग वर्ष-दोन वर्षं जागेवरच थांबतं, कधी मागेही येतं. त्यात आळस नसतो, शरीर नव्याने मांडलं जात असतं. नेमकं हेच वर्ष तुम्ही सगळं पणाला लावायला निवडताय. अशा वेळी "मागच्या वर्षी तर यापेक्षा चांगलं होतं" हे वाक्य घरात कुणीही बोलायचं नाही, बाबांनाही सांगून ठेवा. हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाळी आणि एवढं ट्रेनिंग यात ते कमी व्हायला वेळ लागत नाही आणि दमलेल्या पोरीला आपण उगाच आळशी म्हणत बसतो. खांदा दुखतोय म्हणाली तर तेल चोळून गप्प बसवू नका, दाखवा. पावडरचे डबे आणू नका कुणाचं ऐकून. तलावातून निघाल्या निघाल्या केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, आणि मग व्यवस्थित पोळीभाजी, वरणभात, उसळ, अंडी चालत असतील तर अंडी. पाळीच्या दिवसांत पोहायचं की नाही हे तिला ठरवू द्या, आणि सरांना ते सांगायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका, बॅचमधल्या सगळ्या मुलींसाठी एकच साधा शब्द ठरवून ठेवायचा, "आज ड्राय", म्हणजे आज पाण्यात उतरणार नाही, आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही. मेसेज सरांकडून थेट मुलीच्या फोनवर येत असतील तर तेही पालकांच्या ग्रुपवर आणा, सर कितीही चांगले असले तरी. हा नियम सगळ्या खेळांना, सगळ्या पालकांनी लावावा असं मला मनापासून वाटतं.

आता सासूबाई. "काळवंडली" हे वाक्य घरात बंद झालं पाहिजे, आणि ते बंद करायचं काम तुमच्या मिस्टरांचं आहे, तुमचं नाही. त्यांनी आईला शांतपणे सांगावं की तिच्यासमोर रंगाचा विषय परत नको. यात मी काहीच मधलं सांगणार नाही. पण त्यांचं दुसरं म्हणणं, की घरात सणवार उरले नाहीत, ते मला खरं वाटतं. दोन दिवाळ्यांत पहाटेचं अभ्यंगस्नान सगळ्यांनी मिळून केलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना नात नुसती ओले केस घेऊन जाताना-येताना दिसते. त्यांना एकदा तलावावर न्या की. मीटला नको, तिथे दिवसभर बसून चाळीस सेकंद बघायला मिळतं, साध्या प्रॅक्टिसला न्या. आणि वर्षातले चार-पाच दिवस आधीच कॅलेंडरवर गोल करून ठेवा, त्या दिवशी तलाव नाही म्हणजे नाही. कुठले ते आजीला ठरवू द्या.

नोकरीचं. सरांनी "आईने" म्हटलं आणि घरातल्या कुणालाच त्यात काही खटकलं नाही, तुम्हालासुद्धा. तुमच्या पत्रात बाबांचं एकच वाक्य आहे, "तू म्हणशील तसं." हे प्रेमाने म्हटलेलं असेल पण यात सगळं ओझं तुमच्या गळ्यात येतं, निर्णयाचं पण आणि उद्या चुकला तर त्याच्या दोषाचं पण. एका रविवारी दोघांनी बसून कागदावर लिहा, कोण कधी उठतं, कोण सोडतं, कोण आणतं, महिन्याला फी, पेट्रोल, कॉश्च्युम, गॉगल, प्रवास, किती जातात. मुलीसमोर नाही, ती झोपल्यावर. मग वाटणी करा. तुमच्याच भागातल्या आणखी दोन मुली त्या बॅचला आहेत ना, तिन्ही घरांनी पाळ्या लावा, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यात दोनच पहाटा येतील. मला हे पाचव्या वर्षी सुचलं, आणि पहिल्या सोमवारी मी साडेसहाला जाग येऊन नुसती पलंगावर बसले होते, खिडकीतून उजेड बघत.

शाळेचं घाईने काही करू नका. आधी आत्ताच्या मुख्याध्यापकांना भेटा, निवडीचं पत्र दाखवा, स्पर्धेच्या दिवसांची रजा आणि बुडलेली चाचणी नंतर द्यायची सोय मागा. बऱ्याच शाळा देतात, आपण मागत नाही. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, हे लोक तुम्हाला सांगतीलच. चांगलं आहे, मिळालं तर घ्या. पण नुसत्या हजेरीपुरत्या शाळेत घातलं की तिच्या मैत्रिणी जातात, डबा जातो, मधली सुट्टी जाते. तिच्या आयुष्यात तलाव सोडून आहेच काय सध्या, ती मधली सुट्टीच तर आहे.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो तुमचा धाकटा. समजूतदार आहे, काही म्हणत नाही. माझा मुलगा पण असाच होता. चार वर्षं त्याने कठड्यावर बसून होमवर्क केला, वहीच्या पानांवर पाण्याचे थेंब पडून शाई फुटलेली असायची, आणि आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की याचा काही त्रास नाही हो. तो एकोणीस वर्षांचा झाल्यावर एकदा सहज बोलता बोलता म्हणाला की मी लहानपणी आजारी पडलो की मला बरं वाटायचं, कारण मग तू घरी थांबायचीस. भांडून नाही, तक्रार म्हणून पण नाही, चहा पिताना म्हणाला. मी त्याला काय उत्तर देणार होते.

त्याला क्रिकेटच्या, नाहीतर तबल्याच्या क्लासला घाला म्हणजे बरोबरी होईल असं नका करू. त्याला आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, ठरलेली, ज्या दिवशी तलावाचं नावसुद्धा निघणार नाही. तो म्हणेल ते करायचं, पेशवे पार्कात जायचं म्हणाला तर तिथे, नुसतं गादीवर लोळायचं म्हणाला तर लोळायचं. ज्यांची मुलं क्रिकेटची किट घेऊन मैदानावर जातात, टेबल टेनिस खेळतात, बुद्धिबळाच्या स्पर्धांना गावोगाव फिरतात त्या सगळ्यांना हे सांगते, घरात दुसरं मूल असेल तर त्याची एक वेळ कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवा. तोंडी ठरवलेली वेळ मीटच्या आठवड्यात हमखास जाते.

आणि यंदाचं नाटक. तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगते, नाटकाला तुम्ही जा. मीटला बाबांना पाठवा, एकटे. त्यांना हीट, म्हणजे तिची पहिली फेरी, कधी लागणार, कुठल्या लेनला उभी राहणार ते कळणार नाही, तर ती त्यांना सांगेल, तेवढं तिला येतं. त्यांच्या हातात स्टॉपवॉच देऊ नका, डबा द्या. टायमिंग काय आलं ते त्या संध्याकाळी फोनवर विचारू नका, ती घरी येईल, मांडवात मागच्या खुर्चीवर ओल्या केसांनी येऊन बसेल तेव्हा तिला भावाच्या नाटकाचं सांगा. तिकडून निघताना गाडीत ती आणि बाबा दोघेच असतील, त्यांनाही सांगून ठेवा की रडली तर गाडी बाजूला घ्यायची आणि विचारायचं.

ती काय म्हणाली ते मला लिहा. वाट बघते.